बंदुका काढलेली उडती बोट

आज मुंबईहून दुबईला जायला जेमतेम तीन तास लागतात. रत्नागिरी-रायगडकडच्या आपल्या मोहल्ल्यांत आखातात नोकरी केलेला माणूस नाही असे घर शोधावे लागेल. पण दुबईचा विमानतळ सुरू झाला १९६० साली. त्याच्या तेवीस वर्षे आधी, १९३७ मध्ये, तिथे नियमित विमानसेवा सुरू झाली होती. ती विमाने जमिनीवर उतरत नव्हती. ती खाडीच्या पाण्यावर उतरत, जिथे आजही लाकडी अब्रा माणसांना या काठावरून त्या काठावर नेतात.

या विमानांना फ्लाइंग बोट म्हणत. विमानाखाली तराफे लावून त्याला पाण्यावर टेकवणे वेगळे आणि विमानाचे अंगच होडीसारखे बांधणे वेगळे. फ्लाइंग बोट दुसऱ्या प्रकारची. तिला चाके नाहीत. ती पाण्यावरून उडते, पाण्यावर उतरते आणि बोयाला बांधून रात्र काढते. दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर ओढायची असेल तर पाण्यातच तिला तात्पुरती चाके जोडावी लागतात.

गेले काही महिने मी अशाच एका विमानाची प्रतिकृती बनवत आहे. विमान आहे शॉर्ट सुंदरलँड, प्रमाण १:७२. म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा. खऱ्या सुंदरलँडचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ३४.४ मीटर, लांबी २६ मीटर. टेबलावर ते अठ्ठेचाळीस सेंटिमीटर रुंद आणि छत्तीस सेंटिमीटर लांब होते. हे किट युद्धातल्या विमानाचे आहे. मला मात्र त्यातून युद्धानंतरचे प्रवासी विमान बनवायचे होते. त्यासाठी काय काय कापावे, बुजवावे आणि नव्याने जोडावे लागले, ते सांगताना या विमानाचा इतिहासही सांगता येतो. किंबहुना तो सांगितल्याशिवाय ही कापाकापी समजणारच नाही.

सुरुवात टपालापासून करावी लागेल. ब्रिटिश साम्राज्य पत्रांवर चालत होते आणि जहाजाने पत्र पोचायला आठवडे लागत. इम्पीरियल एअरवेज ही कंपनी १९२४ साली स्थापन झाली. ३० मार्च १९२९ रोजी तिची लंडन-कराची सेवा सुरू झाली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती; सिंध वेगळा प्रांत झाला १ एप्रिल १९३६ रोजी. कराचीला आलेले टपाल पुढे मुंबईला आणण्याचे काम १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी स्वतः विमान चालवून सुरू केले. ते जुहूला उतरले. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलाने निकामी होई, तेव्हा ही विमाने पुण्याला उतरत. त्या काळात विमानसेवेची सगळ्यात मोठी अडचण हीच होती. विमाने होती, पण त्यांना उतरायला बारमाही जागा नव्हती.

पाणी मात्र सगळीकडे होते. डिसेंबर १९३४ मध्ये ब्रिटिश सरकारने साम्राज्यभरचे पहिल्या दर्जाचे टपाल विमानाने नेण्याची योजना जाहीर केली. त्यासाठी केंट परगण्यातल्या रॉचेस्टर येथील शॉर्ट ब्रदर्स या कारखान्याकडे अठ्ठावीस फ्लाइंग बोटींची मागणी नोंदवली गेली. एकही नमुना उडवून पाहिलेला नसताना सगळ्या बोटी एकदम मागवल्या होत्या. आर्थर गूज यांनी आराखडा केला. पहिली बोट 'कॅनोपस' जुलै १९३६ मध्ये मेडवे नदीवरून उडाली. चार इंजिने, दोन मजले, दिवसाच्या प्रवासात चोवीस माणसांची सोय. खिडकीशी उभे राहून बाहेर बघता येईल असा एक कक्षही होता. अशा एकूण बेचाळीस बोटी बांधल्या गेल्या. त्यांना 'एम्पायर बोट' हेच नाव पडले.

त्यांचा पूर्वेकडचा रस्ता नकाशावर बघण्यासारखा आहे. साउथॅम्प्टन, मार्सेय, रोमजवळचा ब्राचियानो तलाव, ब्रिंडिसी, अथेन्स, अलेक्झांड्रिया. मग पॅलेस्टाइनमधला तिबेरियासचा तलाव, इराकमधला हब्बानियाचा तलाव, बसरा, बहारीन, दुबई, बलुचिस्तानच्या किनाऱ्यावरचे जिवानी आणि कराची. कराचीनंतर मेवाडमधला राजसमंद, मग ग्वाल्हेर संस्थानातला तलाव, अलाहाबाद, कलकत्त्याची हुगळी आणि तिथून रंगूनमार्गे सिंगापूर, सिडनी. राजसमंद हा महाराणा राजसिंहांनी सतराव्या शतकात बांधलेला तलाव. दुष्काळात लोकांना काम मिळावे हाही त्यामागचा हेतू होता. ग्वाल्हेर म्हणजे मराठी शिंद्यांचे संस्थान. दुष्काळासाठी खणलेला तलाव आणि संस्थानिकाचे पाणी, दोन्ही लंडन-सिडनी टपालाचे थांबे झाले.

या रस्त्याचे आखातातले वळण सरळ नव्हते. १९२९ मध्ये विमाने इराणच्या किनाऱ्याने येत. इराणने ती परवानगी पुढे चालू ठेवली नाही आणि १९३२ मध्ये रस्ता समुद्राच्या अरब बाजूला आला. शारजात चाकाच्या विमानांसाठी मैदान आणि प्रवाशांसाठी किल्ल्यासारखे विश्रामगृह उभे राहिले. फ्लाइंग बोटी आल्या तेव्हा दुबईच्या खाडीची निवड झाली. शेख सईद बिन मक्तूम यांच्याशी करार झाला आणि त्यांचे भाडे ठरले ते रुपयांत. त्या किनाऱ्यावर तेव्हा भारतीय रुपयाच चाले. नंतर १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळा रुपया काढावा लागला. मोत्यांचा धंदा बसलेला होता आणि तेल अजून सापडायचे होते. अशा दिवसांत या भाड्याला किंमत होती. मुंबई आणि आखात यांचे नाते तेलापासून सुरू झाले असे आपल्यातले पुष्कळजण समजतात. हा करार कोणत्या नाण्यात झाला एवढे पाहिले तरी तो समज दूर होतो.

आता सुंदरलँडकडे येतो. एम्पायर बोटीचेच लष्करी भावंड म्हणजे सुंदरलँड. त्याच कारखान्यात, त्याच आर्थर गूज यांच्या हाताखाली ते तयार झाले आणि ऑक्टोबर १९३७ मध्ये पहिल्यांदा उडाले. समुद्रावर तासन्‌तास घिरट्या घालून पाणबुड्या शोधणे हे त्याचे काम. नाकात, पाठीवर आणि शेपटीत बंदुकांचे फिरते मनोरे. बॉम्ब आत, पंखांच्या खालच्या खोलीत ठेवलेले. वेळ आली की दोन्ही बाजूंची दारे उघडून ते रुळांवरून पंखाखाली सरकत. युद्ध संपेपर्यंत अशी साडेसातशेच्या आसपास विमाने बांधली गेली.

पण हेच विमान माणसे वाचवायलाही वापरले गेले. १९४४ च्या पावसाळ्यात ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला लढणारे चिंडिट सैनिक जखमा, मलेरिया आणि हगवणीने हैराण झाले होते. चिखलात धावपट्टी टिकत नव्हती. तेव्हा दोन सुंदरलँड आसामात ब्रह्मपुत्रेवर आणली गेली. तिथून डोंगर ओलांडून ती इंडॉजी तलावावर उतरत आणि जखमींना घेऊन परत येत. पाचशेहून अधिक माणसे अशी बाहेर काढली गेली. त्या पावसात पाण्यावर उतरणारे विमानच उपयोगाचे होते.

युद्ध चालू असतानाच काही सुंदरलँड बीओएसी या सरकारी विमान कंपनीला मिळाली. इम्पीरियल एअरवेज १९४० मध्ये याच कंपनीत विलीन झाली होती. १९४३ पासून ही विमाने बंदुका काढून, लाकडी बाकांसारख्या आसनांवर माणसे आणि टपाल नेऊ लागली. इंग्लंडच्या पूल बंदरातून निघून ती पुढे कराची आणि कलकत्त्यापर्यंत येत. युद्ध संपल्यावर त्यांना नीट खुर्च्या, गालिचे, स्वयंपाकघर बसवले गेले आणि त्यांच्या वर्गाला 'हाइथ' असे नाव मिळाले. त्यातलेच 'हाइथ' नावाचे विमान, नोंदणी अक्षरे जी-एजीजेएम, १९४६ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हाँगकाँग, शांघाय आणि टोकियोपर्यंत पाहणीसाठी जाऊन आले. मी बनवतो आहे ते हे.

किटचा खोका उघडला की आधी नजरेत भरतात त्या बंदुका. प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेल्या, टाचणीएवढ्या. मी पहिले काम त्या सगळ्या बाजूला काढून एका डबीत ठेवण्याचे केले. त्यानंतर खरी अडचण सुरू होते, कारण बंदूक काढली की तिच्या जागी भोक राहते.

पाठीवरचे भोक सोपे. पातळ प्लास्टिकचा गोल तुकडा कापून आतून चिकटवला, वरून पुट्टी भरली, वाळल्यावर पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरने घासून पाठीच्या गोलाईशी मिळवली. नाकाचे काम अवघड. कारखान्यातल्या मिस्त्रींनी हाइथच्या नाकातला मनोरा काढून तिथे पत्र्याचे टोपण बसवले होते. पुढे सँडरिंगहॅम या सुधारित प्रकारात नाक आणि शेपूट नव्याने, सुबक घडवले गेले. हाइथचे नाक मात्र बोजडच राहिले, हातोडीने ठोकून बसवल्यासारखे. त्यामुळे ते फार गुळगुळीत करून चालत नाही. मी एम-सील मळून नाकाचा आकार दिला. ते कडक व्हायच्या आत ओल्या बोटाने गोलाई काढायची आणि दुसऱ्या दिवशी कानस लावायची. शेपटीचे टोकही तसेच. दोन्हीकडचा आकार जुने फोटो शेजारी ठेवून तपासला. एक फोटो बाजूचा आणि एक तिरका हवा, कारण बाजूच्या फोटोत रुंदी कळत नाही.

मग बॉम्बच्या खोलीची दारे. ती बंद करून फट बुजवली. त्यानंतर खिडक्या. किटमधल्या खिडक्या युद्धातल्या विमानाच्या. जिथे प्रवासी बसणार तिथे नवीन खिडक्यांच्या जागा पेन्सिलने आखून, आधी बारीक भोक पाडून, मग छोट्या कानशीने ती मोठी करत न्यायची. घाई केली की ओळ वाकडी होते. काचेऐवजी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा आतून लावला. पाठीवरच्या रडारच्या काठ्या लावल्याच नाहीत. जुन्या पद्धतीच्या किटवर खिळ्यांची टोके फार उठून दिसतात. बहात्तर पटीने मोठी करून पाहिली तर ती वाटीएवढी होतील. म्हणून सगळे अंग हलक्या हाताने घासून घेतले. रंग चंदेरी. युद्धकाळात याच विमानांवर लष्करी छद्मरंग होता आणि नोंदणी अक्षरांखाली लाल-पांढरे-निळे पट्टे होते, म्हणजे शत्रूला विमान नागरी असल्याचे कळावे. शांतता आल्यावर रंग उतरला आणि पत्रा दिसू लागला. संदेशाची तार मी किटच्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर तापवून, ताणून केली. ती केसासारखी बारीक होते.

एवढे सगळे केल्यावरही एक गोष्ट काढता आली नाही. सुंदरलँडचे पंख सरळ आडवे नाहीत, किंचित मागे झुकलेले आहेत, सव्वाचार अंशांनी. याचे कारण बंदुका. शेपटीत चार मशीनगनचा मनोरा बसवायचे ठरले तेव्हा विमानाचा भार मागे सरकला. तो सावरण्यासाठी पंखांना झोक दिला गेला. बंदुका उतरल्या, खुर्च्या आणि गालिचे आले, प्रवासी चहा पिऊ लागले, तरी पंख तसेच झुकलेले राहिले. माहिती नसलेल्याला ते केवळ सुंदर दिसतात. मॉडेलमध्ये पंख कापून सरळ करणे शक्य आहे, पण मग ते हाइथ राहणार नाही. इतिहासाच्या बाबतीत मला हे फार महत्त्वाचे वाटते. एखादी संस्था, एखादा कायदा, एखादी सीमारेषा कोणत्या धाकापोटी जन्मली ते लोक विसरतात, धाकही निघून जातो, पण तिचा आकार त्या धाकाने दिलेलाच राहतो. त्या आकाराचे कारण माहीत असणे एवढे तरी आपल्या हातात असते.

किटमध्ये आणखी एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे माणसे. खोक्यात वैमानिकांच्या बाहुल्या असतात, पण फ्लाइंग बोट वैमानिकावर चालत नसे. ती उतरण्याआधी एक मोटरबोट पाण्यावर फेरी मारून ओंडके, जाळी, होड्या बाजूला करी. पाणी आरशासारखे शांत असेल तर तेही अडचणीचे. विमानाचे पोट पाण्याला चिकटून राहते आणि उडताना सुटत नाही. वरून उतरणाऱ्याला पाणी किती खाली आहे याचा अंदाज येत नाही. तेव्हा मोटरबोटीने मुद्दाम पाणी ढवळावे लागे. रात्री होड्यांवर दिवे लावून पाण्यावर रस्ता आखावा लागे. विमान थांबले की नाकातून एक माणूस आकडी घेऊन बोया पकडी. इंधन होडीतून येई, प्रवासी होडीतून जात, टपालाच्या पिशव्या हातोहात उतरवल्या जात. बसऱ्यात, बहारीनमध्ये, दुबईत, कराचीच्या कोरंगी खाडीत ही हातांची कामे बहुतेक करून तिथल्याच माणसांची. जुन्या फोटोंत ती दिसतात. फोटोखाली विमानाचे नाव असते, आलेल्या साहेबाचे नाव असते. दोरी धरलेल्या माणसाचे नाव नसते.

म्हणून मी हे विमान पाण्यावर, कोरंगी खाडीतल्यासारखे बांधलेले दाखवणार आहे. शेजारी एक इंधनाची होडी आणि सहा माणसे. खेळण्यातल्या रेल्वेसाठी १:७६ प्रमाणाच्या बाहुल्या मिळतात, त्या उंचीला जवळपास जुळतात. त्यांच्या हॅट कापून एम-सीलची पागोटी बांधली, कोट घासून लांब सदरे केले. एका इंचाच्या माणसाच्या हातात दोरी द्यायला एक संध्याकाळ जाते.

आपल्या लोकांचा या विमानांशी संबंध आला असेल तो असाच, खालून. तिकीट काढून बसणारे अधिकारी, व्यापारी, संस्थानिक. त्याच समुद्रावरून, जवळजवळ त्याच थांब्यांनी, आपली माणसे बी. आय. कंपनीच्या आगबोटींनी जात. मुंबई, कराची, आखातातली बंदरे आणि शेवटी बसरा. डेकवर स्वतःची वळकटी पसरायची आणि भाकरी-सुकट बरोबर घ्यायची. 'दारा', 'दुमरा', 'द्वारका' ही नावे कोकणातल्या मुसलमान घरांत अजून घेतली जातात. १९६१ च्या एप्रिलमध्ये 'दारा'वर दुबईजवळ स्फोट झाला आणि २३८ माणसे गेली. 'द्वारका' १९८२ पर्यंत चालली. म्हणजे फ्लाइंग बोटी बंद पडल्यावरही बत्तीस वर्षे.

फ्लाइंग बोटी बंद पडल्या त्याला युद्धच कारणीभूत झाले. युद्धात जगभर सिमेंटच्या लांब धावपट्ट्या बांधल्या गेल्या. उतरायला जागा नाही ही जी अडचण होती, तीच उरली नाही. मग खारे पाणी पत्रा खाते, लाटा असल्या की वेळापत्रक कोलमडते, प्रत्येक थांब्यावर होड्यांचा ताफा ठेवावा लागतो, हे सगळे दोष डोळ्यांत भरू लागले. नोव्हेंबर १९५० मध्ये बीओएसीने शेवटची फ्लाइंग बोट सेवा थांबवली. बेचाळीस एम्पायर बोटींपैकी आज एकही शिल्लक नाही. लंडनच्या हेंडन आणि केंब्रिजजवळच्या डक्सफर्ड येथील संग्रहालयांत सुंदरलँड पाहायला मिळते.

बोटी गेल्या त्याचे मला तितकेसे वाईट वाटत नाही. साम्राज्याच्या टपालाची ती गाडी होती आणि साम्राज्य गेले हे चांगलेच झाले. मन अडकते ते त्या थांब्यांच्या यादीत. तिबेरियासच्या तलावाकाठची अरब वस्ती एप्रिल १९४८ मध्ये उठली ती परत आली नाही. हब्बानियाने आणि बसऱ्याने त्यानंतर किती लढाया पाहिल्या. कराचीहून उडालेली बोट त्याच प्रवासात राजसमंदच्या पाण्यावर उतरे. आज त्या दोन पाण्यांमध्ये तारेचे कुंपण आहे आणि कराचीत मामा-मावशी असलेल्या आपल्या कितीतरी घरांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. हा सगळा मुलूख एका धाग्यात होता, पण तो धागा दुसऱ्याच्या हातात होता. मालक गेला तेव्हा आपण स्वतंत्र झालो आणि धागाही तुटला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यातली एकच सांगणारा इतिहास अपुरा असतो, मग तो साम्राज्याची आठवण काढून उसासे टाकणारा असो की जुने सगळे रस्ते विसरायला लावणारा.

मॉडेल अजून पुरे झालेले नाही. पाणी ओतायचे आहे, बोया रंगवायचा आहे. बंदुकांची डबी मी फेकलेली नाही. विमानाच्या लाकडी पाटाखाली तिच्यासाठी एक छोटा कप्पा केला आहे. कुणी विचारले की पंख असे मागे का झुकलेत, तर तो कप्पा उघडून दाखवता येईल.